पोटाखालचे पिवळे पट्टे

डिसेंबरात माझं मिग-21 कोसळलं, म्हणजे त्या लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल. पण कोसळायच्या आधी ते माझ्या डोळ्यांसमोर असून हरवलं होतं, आणि सांगायचंय ते त्याबद्दलच.

संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते. आभाळ धुरकट पांढरं, मॉडेल पावणेदोनशे मीटरवर. वळण घेतलं आणि कळेचना की मला त्याची पाठ दिसतेय की पोट. डेल्टा पंख वरूनही त्रिकोण, खालूनही त्रिकोण. सुलटं आहे असं समजून एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी झडप, ओढला. ते उलटं होतं. नाक सरळ जमिनीकडे गेलं आणि मॉडेल शेजारच्या द्राक्षबागेत. मी धापा टाकत पोचलो तेव्हा मळेवाले दादा मांडवाच्या तारांमधून एकेक तुकडा सोडवत होते. "तुमचं इमान हाय का हे?" एवढंच म्हणाले. नुकसानीचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

चूक रंगाची होती, आणि रंग मी निवडलेला. वडिलांनी ओझरच्या एचएएलमध्ये, विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, तीस वर्षं पत्र्याचं काम केलं, त्यातली कित्येक मिग-21 वर. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला ही विमानं निवृत्त झाली, त्या आठवड्यात मी मॉडेलला मिगच्या शेवटच्या, बायसन नावाच्या आवृत्तीचा फिका करडा रंग दिला, वरखाली सारखाच. टेबलावर ते इतकं हुबेहूब दिसत होतं की वडील बराच वेळ त्याच्या शेपटीवरून हात फिरवत बसले. पण तो करडा रंग आभाळात विरघळावा म्हणूनच असतो, आणि माझ्या आभाळातही तो तसाच विरघळला. कॅनडाच्या सीएफ-18 विमानांच्या पोटावर तर खोटी कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, रंगवतात, समोरच्या वैमानिकाला पाठ कुठली अन् पोट कुठलं हे कळू नये म्हणून. ज्या गोंधळात शत्रूला पाडायचं, त्याच गोंधळात मी स्वतःला पाडून घेतलं होतं.

मग हिशेब मांडला. मॉडेलच्या पंखांची रुंदी 88 सेंटिमीटर. 200 मीटरवर ते पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याएवढं दिसतं. चांगल्या नजरेला तेवढ्या अंतरावरून साधारण सहा सेंटिमीटरहून बारीक ठिपका वेगळा दिसत नाही, शेजारच्या रंगात मिसळून जातो. म्हणजे कॅमोफ्लाजची नाजूक नक्षी आपण काढतो ती फक्त फोटोसाठी. त्यात विमान ताशी 140 किलोमीटरने पळतंय, सेकंदाला जवळजवळ 39 मीटर. विचार करायला वेळच नसतो.

जानेवारीत फोमशीटचे मॉडेलएवढे त्रिकोण कापले आणि भाच्याला दीडशे मीटरवरच्या इमारतीच्या गच्चीवर उभं केलं. तो फोनवर विचारायचा, "मामा, आता कुठली बाजू?" आणि मी उत्तर द्यायचो. तीन सेंटिमीटरचे हिरवे-तपकिरी ठिपके एकजीव होऊन शेणकटलेले दिसले. नारिंगीवर माझा फार भरवसा होता, पण मागून उजेड आला की नारिंगीही काळी आणि हिरवाही काळा. रंग मरतो, टिकतो तो फिक्या-गडदातला फरक, तोही पट्टे तळहाताहून रुंद असतील तरच. बारा सेंटिमीटरचे काळे-पिवळे पट्टे मी एकदाही चुकलो नाही. ब्रिटिश हवाई दलाने प्रशिक्षणाची हॉक विमानं चकचकीत काळी का केली हे तेव्हा नीट उमगलं. ढगाळ आभाळावर काळ्याइतकं उठून काहीच दिसत नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ तसंच असतं.

खरेपणाही सोडायचा नव्हता. 1971 च्या युद्धात आपल्या चंदेरी मिग-21 वर घाईघाईने गडद हिरवे रंग चढवले होते, आणि विमानागणिक नक्षी वेगळी होती. मला हेच हवं होतं: पाठ गडद आणि तीही मोठमोठ्या डागांची. पोट चंदेरी ठेवावं असं वाटलं, पण पोट सावलीत असतं, चंदेरी तिथे मळकट करडी होते. तिथे पट्टेच हवेत. 1956 च्या सुएझ मोहिमेत ब्रिटिश आणि फ्रेंच विमानांवर ओळखीसाठी पिवळे-काळे पट्टे मारले होते. मिगवर असे पट्टे कधीच नव्हते, म्हणून मी आठवडाभर घुटमळत होतो. शेवटी वडील म्हणाले, "अरे, पट्टे मार. पुन्हा मळ्यात पडलं तर काय खरं नि काय खोटं?"

नवीन सांगाडा आणला. फोमवर थिनरचा स्प्रे मारायचा नाही, फोम खाल्ला जाऊ शकतो. पाण्यातला ॲक्रिलिक, पातळ हात. मास्किंग टेप आधी पँटवर दोनदा चिकटवून काढला, म्हणजे त्याची पकड कमी होते आणि सोलताना खालचा रंग उखडत नाही. पट्टे नाकाकडून शेपटीकडे, डाव्या-उजव्या पंखाला तीन-तीन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रंगाचं वजन 38 ग्रॅम भरलं.

परवा सकाळी साडेआठला उडवलं, सूर्य पाठीशी घेऊन. सूर्यासमोर कुठलाच रंग वाचवत नाही, हेही गच्चीवरच कळलं होतं. तेच वळण, तेवढंच अंतर. विमान कलंडलं, पिवळं-काळं पोट झळकलं, मी एलेव्हेटर ओढला आणि ते माझ्याकडे वळून आलं. डोक्यावरून गेलं तेव्हा वडील खुर्चीतून उठून उभे राहिले होते, हात कपाळाशी धरून.