सशांच्या पिण्याच्या पाण्यात व्हिनेगर : माझा अनुभव

ससे पाळणाऱ्याला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच : पिण्याच्या पाण्यात सफरचंदाचे व्हिनेगर थोडेसे घालत जा, म्हणजे लघवी स्वच्छ राहते, मूत्राशयात गाळ साचत नाही, पचन सुधारते आणि अंगावर पिसवाही होत नाहीत. माझ्या कापशीच्या मूत्राशयात गाळ साचल्याचे एक्स-रेमध्ये दिसले आणि तिला भूल देऊन मूत्राशय धुऊन काढावे लागले, तेव्हा हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून मी या सल्ल्याचा नीट विचार करायचे ठरवले. ऐकीव गोष्टीवर तिचे पाणी बदलणे मला मान्य नव्हते. तसेच तपासून न पाहता तो सल्ला धुडकावणेही योग्य वाटत नव्हते.

गाळ का साचतो, हे मी आधी आमच्या पशुवैद्यांकडून समजून घेतले. सशाचे आतडे अन्नातले कॅल्शियम गरजेपुरतेच न घेता जवळजवळ मिळेल तेवढे शोषून घेते आणि जादा झालेले मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत आहारातील कॅल्शियमचा २ टक्क्यांहूनही कमी भाग लघवीतून जातो, तर सशांत हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत असते. त्यात सशाची लघवी मुळातच अल्कधर्मी, म्हणजे साधारण ८ ते ९ सामूची असल्याने कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होतात. त्यामुळे थोडी गढूळ, पांढुरकी लघवी हा आजार नव्हे; ती लेपासारखी घट्ट येऊ लागली, किंवा लघवी करताना ससा जोर करू लागला, तर मात्र थांबून चालत नाही.

व्हिनेगरवरचा विश्वास कुठून येतो, हेही यातूनच उलगडले. सशाच्या मलपात्रात साठलेल्या पांढऱ्या थरावर व्हिनेगर ओतले की तो फसफसून सुटतो, कारण तो थर कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. पण पोटात गेलेले व्हिनेगर मूत्राशयापर्यंत व्हिनेगर म्हणून पोहोचत नाही. त्यातले ॲसिटिक आम्ल शरीर इंधनासारखे वापरून टाकते, आणि सशाला ते मुळीच नवे नाही : त्याच्या अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, गवताचे तंतू आंबतात तेव्हा सर्वाधिक तयार होणारे आम्ल हेच असते. दिवसभर आत तयार होणाऱ्या या आम्लापुढे पाण्यातल्या काही थेंबांनी लघवी आम्लधर्मी होईल, अशी अपेक्षा धरण्यास पशुवैद्यांना काही आधार दिसत नव्हता. त्यांची खरी काळजी वेगळीच होती : चव बदलल्यामुळे कापशी पाणी कमी प्यायली, तर गाळ उलट वाढेल.

त्यामुळे मला तपासायचे होते ते एवढेच, की ती पाणी किती पिते. त्यांच्या संमतीने, आणि साधे पाणी एक क्षणही काढून न घेता, मी दोन वाडगी शेजारी ठेवली : एकात साधे पाणी, दुसऱ्यात अगदी थोडे व्हिनेगर घातलेले. वाडगी चिनी मातीची घेतली, कारण जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यातून आम्लामुळे जस्त पाण्यात उतरते. वाडगे सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर ठेवायचे आणि एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर पाणी धरायचे. किती पाणी नुसतेच वाफ होऊन जाते हे कळावे म्हणून तेवढेच पाणी भरलेले एक वाडगे जाळीबाहेर ठेवले. ओल्या पालेभाज्या दिल्या की पाणी कमी प्यायले जाते, म्हणून त्यांचे प्रमाण रोज सारखे राखले, आणि वाडग्यांच्या जागाही आलटून पालटून बदलल्या. सगळ्यांत अवघड होते ते कापशी आणि तिचा जोडीदार भुऱ्या यांचे आकडे वेगळे काढणे. जोडी जमलेल्या सशांना लांब ठेवणे बरे नाही, म्हणून मध्ये फक्त जाळी लावली, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास आणि सहवास मिळत राहिला.

भुऱ्या दोन्ही वाडग्यांतले पाणी निवांत पीत असे. कापशी मात्र व्हिनेगरच्या वाडग्याचा वास घेऊन मान फिरवी, आणि त्यातले पाणी बाहेरच्या वाडग्याइतकेच, म्हणजे वाफेपुरतेच, घटलेले दिसे. ज्या सशाला पाण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच ही चव नकोशी होती. तिच्यापुढे फक्त तेच पाणी ठेवले असते तर काय झाले असते, ते तपासून पाहण्याची मला मुळीच इच्छा नव्हती. प्रयोग तिथेच थांबवला.

पुढचे सगळे प्रयत्न पाणी वाढवण्याचे होते. सशाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. नळीच्या बाटलीऐवजी रुंद, जड वाडगी ठेवल्यावर कापशी स्पष्टपणे जास्त पिऊ लागली, म्हणून खाण्याच्या जागेजवळ आणखी एक वाडगे वाढवले. पालेभाज्या धुतल्यावर पाणी न निथळता तशाच ओल्या देऊ लागले. कॅल्शियम जास्त असलेले लसूणघास बंद केले, गोळीखाद्य कमी केले आणि वाळलेले साधे गवत कायम पुढ्यात राहील असे पाहिले. तिला जाळीबाहेर मोकळे पळू देण्याचा वेळही वाढवला, कारण बसून राहणाऱ्या सशाच्या मूत्राशयात गाळ तळाशी बसतो. पुढच्या एक्स-रेत मूत्राशय बरेच स्वच्छ दिसले. हा बदल यांतल्या नेमक्या कशामुळे झाला, हे वेगळे काढता येणार नाही. पण व्हिनेगरमुळे तो झालेला नाही, एवढे निश्चित.

व्हिनेगर आता फक्त मलपात्र घासण्यासाठी वापरते, आणि नंतर पात्र पाण्याने खळखळून धुते. पात्रातला पांढरा थर जाड होऊ लागला की लघवीची तपासणी करून घेते. कापशीच्या वाडग्याचे वजन रोज होतेच. ते अचानक कमी घटलेले दिसले की मी लगेच तिचे खाणे आणि लेंड्या पाहते. दोन्ही थांबले असतील तर त्याच वेळी पशुवैद्यांकडे जायचे, कारण अर्धा दिवस उपाशी राहिलेल्या सशाचे आतडे बंद पडू शकते.