सुटली ना, मग अजून कशाला जातोस?

रविवारी संध्याकाळी पाचला मी दुकानाचं शटर ओढतो आणि सावंतवाडीला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडायला एकत्र बसणाऱ्यांच्या, मीटिंगला जातो. नऊ वर्षं झाली. शटर वाजलं की समोरच्या टपरीवरून हाक येतेच, "काय रे, अजून जातंस? तुझी तर कधीच सुटली मा?" बायकोची मावशी विचारते. परवा जळका पंप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकानंही विचारलं, आणि त्याचा माझ्या दारूशी काडीचा संबंध नव्हता. "सवय झालीय" म्हणत मी सगळ्यांना वाटेला लावतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

माझ्या पिण्याबद्दल लिहीत नाही. ते तुम्ही पाहिलंय. काहींनी मला गाडीवर मागे बसवून घरी आणलंय, आणि त्यातल्याच काहींनी पाजलीय.

मी एकट्यानं सोडून दाखवली होती, हे आधी मान्य करतो. पंढरपुराहून माळ घालून आलो आणि अकरा महिने थेंब घेतला नाही. तेव्हा दुकानात बसून मीच दुसऱ्यांना सांगायचो, मनावर घ्यायला हवं, मन घट्ट हवं. त्या वेळचा मी आज समोर आला तर काय बोलू कळत नाही. तो खोटं बोलत नव्हता.

मग राखण आली, म्हणजे जागेच्या राखणदाराला मान द्यायचा दिवस. त्या वर्षी वडील नव्हते, म्हणून ती थोरला म्हणून माझ्या अंगावर आली. आमच्याकडे राखणदाराला कोंबडा लागतो आणि दारूची धार लागते, हे तुम्हाला सांगायला नको. चुलतभावानं बांद्यापलीकडून, गोव्यातून, बाटली आणली होती. मी गाऱ्हाणं घातलं, सगळे "होय म्हाराजा" म्हणाले, चिऱ्यावर धार सोडली. बाटलीत अर्ध्याहून जास्त उरली. बाकीचे कोंबडा घेऊन खाली मांगराकडे गेले. मागचं सामान आवरून आणायला मी एकटा राहिलो.

मला दुःख नव्हतं. भांडण झालं नव्हतं, कोणी आग्रह केला नव्हता. दुपार छान होती. मी गळ्यातली माळ काढली आणि काजूच्या फांदीला दोन वेढे देऊन अडकवली, पडू नये म्हणून. म्हणजे विटाळ होऊ नये याचं भान होतं. मग राखणदाराच्याच द्रोणातून प्यालो. द्रोण गळत होता म्हणून खाली ओंजळ धरली, आणि शेवटी ती ओंजळही चाटली. संपल्यावर माळ परत घातली. खाली गेलो तेव्हा चुलतभावाला वास आला असणार, कारण तो माझ्याकडे बघायचं सोडून टोपातल्या सागोतीकडे बघत राहिला. कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

नंतर पुष्कळ विचार केला की त्या दुपारी असं काय झालं. झालं काहीच नव्हतं. अकरा महिने दर शनिवारी संध्याकाळी मला तलफ यायची, आणि ती मी एकदाही कोणापाशी बोललो नव्हतो. बोलणार कोणाशी? न पिणाऱ्याला सांगितलं तर तो घाबरणार, बायकोला सांगणार. पिणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणणार, मग घे की थोडी.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आधीपेक्षा वाईट प्यालो. मग घरच्यांनी खोलीत कोंडून सोडवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या रात्री मला भिंतीवर कुर्ल्या, खेकडे, चालताना दिसल्या. शेकड्यांनी. डॉक्टर नंतर घरच्यांवर ओरडले. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर फिट येते, जीवही जातो, ते औषधाखालीच करायचं असतं. कोंडणारे अजून आहेत, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

पहिल्यांदा मीटिंगला गेलो ती शाळेची खोली होती. पाचवीच्या बाकात गुडघे मावत नव्हते. चहा वाटणाऱ्यानं सगळ्यांचे कप भरले आणि माझा अर्धाच भरला. राग आला. मग कप उचलला तेव्हा कळलं, माझा हात पाहूनच त्यानं मोजून ओतला होता. त्या हातांनी मी वाइंडिंगची तार धरू शकत नव्हतो, आणि हे घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी माळेचं सांगितलं. खाली मान घालून, रडवेला होऊन. आणि लोक हसले. खो खो हसले. मला उठून जावंसं वाटलं. मग एकजण म्हणाला, "मी साईबाबांचा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवायचो." दुसरा म्हणाला, "मी चतुर्थीला मध्यरात्रीपर्यंत थांबायचो, घड्याळ बघत." मीही हसलो.

आमच्याकडे एक जुनी हकिगत सांगतात. 1935 साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी बिल नावाचा शेअर दलाल धंद्यात आपटून हॉटेलात उभा होता. दारू सोडून काही महिने झालेले, शेजारी बार. त्यानं चर्चांना फोन लावले, आपल्यासारखा दुसरा बेवडा भेटवा म्हणून. भेटला तो एक सर्जन, डॉक्टर बॉब. त्या दोघांतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. फोन त्या डॉक्टरचं भलं करायला नव्हता, बिलला स्वतःला त्या दिवशी प्यायचं नव्हतं. मी जातो ते तेवढ्याचसाठी. नवा मुलगा कापत्या हातानं येऊन बसतो तेव्हा माझा आठवडा निघतो. ऐकायला स्वार्थी वाटतं. आहेच.

बायको म्हणते, आधी रविवार बारचा, आता मीटिंगचा, माझा कुठला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेल्या वर्षी आंब्याच्या धंद्यात दोन महिने गेलो नाही, तरी प्यालो नाही, हेही खरं. तेव्हा ज्यांना म्हणायचंय "बघ, नाही गेलास तरी चालतं", त्यांनी खुशाल म्हणावं. अकरा महिने तर आधीही चाललं होतं.

राखण अजून मीच देतो. धार पुतण्या सोडतो, मी दहा हात लांब उभा राहून गाऱ्हाणं घालतो. दारूऐवजी नुसता नारळ चालेल का, असं दोनदा भावकीत विचारून पाहिलं. म्हातारे म्हणाले, परंपरा मोडू नये. बाटली खाली नेताना पुतण्या माझ्या पुढून चालतो. आता बाविशीचा झालाय, आणि मी बाटलीपेक्षा त्याच्याकडे जास्त बघतो.

रविवारी पाचनंतर दुकान बंद असतं. पंप जळला तर सोमवारी आणा.