नोकरी लागली ना, मग सहा महिन्यांनी टिकली का ते सांगा

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या समुद्रपूर तालुक्यात रोजगार मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. ऑफर लेटर धरलेले पोट्टे, मागे बॅनर, बाजूला पाहुणे. फोटो पाहून बरंच वाटते, पण त्यातले कितीतरी पोट्टे दोन-तीन महिन्यांनी परत गावात दिसतात आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. मला याच्यावरच लिहायचं होतं, कारण आमच्या भागात बचत गटांचा प्रभागसंघ, गावचं वाचनालय, क्रीडा मंडळ, आयटीआयमधले एक-दोन सर आणि नागपूरची एक संस्था असे सगळे मिळून आता लागलेली नोकरी टिकावी म्हणून काम करून राहिले आणि मी वाचनालयाच्या बाजूनं त्यात आहे.

पोरगं परत का येते? लोक म्हणतात आजकालच्या पोट्ट्यांना कष्ट नको. मला हे अजिबात पटत नाही. जो पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे उठून 1600 मीटर धावते, गोळा फेकते आणि दुपारी डवरणीला जाते, तो कष्टाला भिऊन परत येईल काय? तो परत येते कारण नागपूरजवळ बुटीबोरीच्या एमआयडीसीत जॉईन झालं की पहिला पगार हातात पडायला महिन्याच्या वर जाते आणि तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेसचा ॲडव्हान्स, सेफ्टी शूज, जाण्यायेण्याचं भाडं हे सगळं खिशातून. जूनमध्ये जॉईन झाला तर घरचा होता नव्हता तो पैसा बियाण्यात गेलेला असते, मागायचा कोणाला. मग पंधरा-वीस दिवस मित्राच्या खोलीत काढतो, एक टाईम जेवतो, आणि एक दिवस बॅग घेऊन आमच्या जाम गावच्या चौकात परत उतरतो.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली ती प्रभागसंघाच्या एका काकूंनी. समाजमंदिरात मीटिंग होती, नागपूरची संस्था ट्रेनिंगबद्दल बोलत होती, इंटरव्ह्यूत कसं बसायचं, इंग्रजीत ओळख कशी करून द्यायची वगैरे. काकू म्हणाल्या, "इंटरव्ह्यू तं होते जी पास, पहिल्या महिन्यात खाईन काय तो?" सगळे गप्प. मग त्यांनीच मार्ग सांगितला. पोराची आई गटात असते, तिला गटाच्या अंतर्गत कर्जातून खोली-मेसपुरते पैसे द्यायचे आणि पगार सुरू झाला की हप्त्यानं परत घ्यायचे. बँकेत हे कर्ज कोणी दिलं नसतं. गटात प्रत्येक बाई दुसरीचं घर ओळखते म्हणून ते होते. पैसे परतही येऊन राहिले, कारण पोरगा आईचं नाव गटात खराब होऊ देत नाही.

दुसरी अडचण पगाराच्या स्लिपची. एका पोराचे बाबा रागारागात वाचनालयात आले होते, "चौदा हजार सांगतले होते ना, मंग हे बाराच कायचे? ठेकेदारानं खाल्ले काय?" त्यांच्यासमोर कागदावर हिशोब केला. 14 हजारावर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,680, ईएसआय म्हणजे कामगार विमा 0.75 टक्के म्हणजे 105, आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स (मुलींना 25 हजारापर्यंत तो लागत नाही). कंपनी पण पीएफ-पेन्शन मिळून तेवढेच 12 टक्के टाकते, ईएसआयमध्ये तर 3.25 टक्के टाकते, आणि पगार 21 हजारापर्यंत असला की ईएसआयच्या कार्डावर पोराचा आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचा पण इलाज होते, नागपुरात सोमवारीपेठेत दवाखाना आहे. बाबा शांत झाले आणि म्हणाले हे आधी कोणी सांगतलंच नाही. खरंच आहे. आमच्याकडे चांगली नोकरी म्हणजे सरकारी एवढंच डोक्यात बसलेलं आहे, आणि ज्याच्यात पैसा कापला जाते ती नोकरी लोकांना फसवणूक वाटते, उलट जिथं काहीच कापत नाहीत, हातात रोख देतात, तिथंच जास्त जपायला पाहिजे. म्हणून आता आम्ही जॉईन होण्याआधीच घरच्यांना बोलावून स्लिप समजावतो, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, कंपनी बदलली तरी तोच नंबर चालवायचा, आणि काम ठेकेदाराकडे असलं तरी त्यानं पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. हे माहीत असलेला पोरगा ठेकेदारासमोर वेगळा उभा राहते, मी पाहिलं आहे.

आणि पेरणी. जून लागला की घरून फोन सुरू, "दोन दिवस येऊन जाजो रे". दोन दिवसाचे दहा होतात, कंपनीत खाडे लागतात, नाव कटते. पुन्हा सोयाबीन सोंगणीला तेच. नागपूरच्या संस्थेची कंपन्यांच्या एचआरशी ओळख होती, त्यांनी बोलून एका कंपनीत असं ठरवून घेतलं की आमच्या भागातले पोट्टे पेरणीची सुट्टी आधी लिहून देतील आणि आळीपाळीनं जातील. संस्थेला पेरणीचं कळलं प्रभागसंघाकडून आणि कंपनीचं दार प्रभागसंघाला उघडलं संस्थेकडून. एकट्यानं हे कोणालाच जमलं नसतं. सेकंड शिफ्ट रात्री सुटते तेव्हा एसटी नसते, तो प्रश्न पण असाच सुटला, एकाच रूटवरचे बरेच पोट्टे एका शिफ्टला आहेत अशी यादी क्रीडा मंडळानं बनवून दिली तेव्हा कंपनीची बस जामपर्यंत यायला लागली.

एकत्र काम करणं सोपं नव्हतं हेही सांगतो. सुरुवातीला बॅनरवर कोणाचं नाव वर यावरूनच दोन मीटिंगा गेल्या. त्याहून मोठा घोळ म्हणजे एकच पोरगा तीन अहवालात. ट्रेनिंग देणाऱ्यानं मोजला, मेळावा घेणाऱ्यानं मोजला, फॉर्म भरून देणाऱ्यानं पण मोजला, आणि तो पोरगा तोवर घरी येऊन बसलेला! प्रत्येकाला वरून टार्गेट असते, मी समजू शकतो, पण याच्यात पोराचं काय? शेवटी ठरलं की रजिस्टर एकच राहील, वाचनालयात, आणि नाव लागलं म्हणजे मोजणी झाली असं नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात प्रभागसंघाच्या बाया फोन करतात, जेवला काय, स्लिप मिळाली काय, खोलीत काही त्रास आहे काय. सहाव्या महिन्यात कामावर असला तरच टिक. आकडा लहान झाला आणि एका संस्थेच्या वरच्या लोकांना ते आवडलं नाही, पण आकडा खरा आहे आणि मला तोच पाहिजे.

2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा खूप पोट्टेपोट्ट्या ग्रामपंचायतीत, शाळेत लागले. बारावीवाल्याला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीला 10, मुदत सहा महिने, नंतर वाढून अकरा झाली. मुदत संपली की पुन्हा घरी. ज्यांचं नाव आमच्या रजिस्टरात होतं त्यांना आम्ही मुदत संपायच्या आधीच आयटीआयच्या सरांकडे नाहीतर संस्थेकडे बसवलं, कोणी अप्रेंटिसशिपला गेलं, कोणी आरसेटीत बँकेच्या मोफत ट्रेनिंगला गेलं आणि आता गावातच मोटार रिवाइंडिंग करून राहिलं. सगळ्यांनी बुटीबोरी, हिंगण्यालाच जावं असं माझं म्हणणं नाही. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्यालाही आम्ही सोड म्हणत नाही, फक्त खुल्या गटात 28 आणि आरक्षणात 33 ही वयाची रेषा आहे, तोवर हाताला एक काम शिकून ठेव एवढंच सांगतो. हाताच्या कामाला कमी समजणं आमच्या जिल्ह्यात तरी शोभत नाही, 1937 ला वर्ध्याच्याच परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकायची नई तालीम मांडली होती.

मुलींचं मात्र अजून जमलं नाही आणि याची मला खूप टोचणी आहे. आमच्या यादीत मुली हुशार आहेत, आयटीआय झालेल्या आहेत, कंपन्या घ्यायलाही तयार आहेत, आणि गाडी अडते ती एका ठिकाणी, राहील कुठे. बाप म्हणतो खोलीवर एकटी नाही ठेवत, आणि शिफ्टचं ऐकून आई पण मागे हटते. त्यांना दोष देऊन काही होणार नाही, राहायला विश्वासाची जागा दाखवावी लागेल. केंद्राची सखी निवास योजना नोकरी करणाऱ्या बायांच्या वसतिगृहासाठीच आहे, तर तसं वसतिगृह बुटीबोरीच्या जवळ व्हावं म्हणून आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं चालू आहे. त्याला वेळ लागेल. तोपर्यंत बुटीबोरी, टाकळघाट बाजूला कोणाच्या ओळखीत असं घर असेल, जिथं घरमालकीण स्वतः राहते आणि चार-पाच मुलींना खोली देऊ शकते, तर मला नक्की कळवा. सोंगणी आटोपली की प्रभागसंघाच्या काकू आणि मुलींच्या आया मिळून जागा पाहायला येणार आहेत, डिपॉझिटची सोय गटातून झालेली आहे.