सुगी नसलेल्या वर्षीची वारी

आमच्याकडे कार्तिकी आणि सुगी एकदमच येतात. दिवाळी सरते, भात पिवळं पडतं आणि नेमकी तेव्हाच दिंडी निघते. त्यामुळे बेळगावकडच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतून कार्तिकीला जातात ते म्हातारेकोतारे, नाहीतर ज्यांच्या घरी विळा धरायला माणसं पुरेशी आहेत ते. लग्न होऊन आल्यापासून मी दिंडीला वेशीपर्यंत पोचवायला गेले आणि तिथूनच शेताकडे वळले. २०१९ साली जाता आलं, कारण कापायला भातच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. यंदा घरात राहून काय राखणार आहेस?"

मी भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे पैसे, भरली आणि पाडव्याला निघाले.

आमची मलप्रभा कणकुंबीला उगवते, त्यामुळे गावापर्यंत येते तेव्हा ती अजून लहानच असते. पावसाळ्यात हब्बनहट्टीचा मारुती पाण्याखाली गेला की आम्ही म्हणायचो, आता पाऊस नीट लागला. त्याचं भय कधी वाटलं नव्हतं. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. सलग पावसानं वीज गेलेली, फोन बंद पडलेले, घाटाकडचा रस्ता झाडं पडून अडलेला. लाडू, तंबीट सगळं केलं होतं. पुढच्या रात्री परड्यातून दिरांची हाक आली, "उठा, पाणी येऊलालंय!" तोवर गोठ्यात गुडघाभर झालं होतं.

जनावरं सोडली, सासूबाईंना वरच्या आळीत नेलं. डोंगरातला पूर डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळतो. पाण्याखालून गोटे गडगडत येतात त्याचा आवाज, आणि मध्येच एखादं अख्खं झाड कुठंतरी आदळल्याचा. दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हाला नदी आपल्या पात्रात परतसुद्धा गेली होती. घराची मागची भिंत पडलेली. कणगीतलं भात भिजलं आणि आठ दिवसांत त्याला मोड आले. पण खरं गेलं ते नदीकाठचं शेत. तिथं लावलेलं रोप नव्हतं, बांध नव्हता, मातीही नव्हती. गोटे आणि वाळू. सासऱ्यांच्या वडिलांपासून शेणखत घालून घालून केलेली ती माती होती. सर्वेला आलेल्या माणसानं पीक किती गेलं ते लिहून घेतलं. माती गेली हे लिहायला त्याच्या कागदावर जागा नव्हती.

हे सगळं वाटेत कुणाला सांगायचं नाही असं ठरवून निघाले होते. पण दिंडीत दुसरा विषयच नव्हता. सकाळी काकडा, संध्याकाळी हरिपाठ, आणि मधल्या सगळ्या वेळात पूर. कुणाच्या मेहुण्याच्या म्हशी गेल्या, निपाणीजवळ यमगर्णीच्या पुलावर वेदगंगेचं पाणी येऊन हायवे कसा बंद झाला, कोल्हापूर-सांगलीत लोक माडीवर किती दिवस अडकून होते. मुक्कामाला जेवणं झाली की पुरुष मंडळी कंदिलाभोवती बसून भांडायची. कोयनेतून पाणी सोडलं म्हणून झालं की अलमट्टीत अडवलं म्हणून? रोज तोच वाद, रोज तेच आवाज. मी घोंगडं डोक्यावर ओढून घ्यायचे. आमच्या वर ना कोयना होती ना खाली अलमट्टी. आमच्या वर फक्त डोंगर होता, मग आम्ही कुणाशी भांडायचं?

जांबोटी, बेळगाव, काकती कसे मागे पडले ते आठवत नाही. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस पाठ सोडत नव्हता. पताका भिजून काठीला चिकटायच्या, राहुटीखाली पाझर फुटायचा. मार्कंडेय आली, पुढे संकेश्वरला हिरण्यकेशी. बायका पुलावर थांबून नदीला हळदकुंकू वाहायच्या, नाणं टाकायच्या. मी समोरच्या बाईच्या डोक्यावरल्या तुळशीकडे बघत पूल ओलांडायचे. खाली बघितलं नाही. टाळ वाजवत राहिले, गजरात आवाज मिळवत राहिले, आणि एकेका पावलाला मनात म्हणत होते, तुझ्याकडे येतेय, पण मला तुझा राग आलाय.

१ नोव्हेंबरला आम्ही चिकोडीच्या वाटेवर होतो. बेळगावात आमच्या मराठी माणसांचा तो काळा दिवस, हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा, सायकल फेरी निघते. रस्त्यात मात्र कर्नाटक राज्योत्सवाची पोरं लाल-पिवळे झेंडे लावून मोटारसायकली पळवत येत होती. पुढचे टाळ जरा मंदावले. त्यातल्या एकानं गाडी कडेला घेतली, चपला काढल्या, वीणेकऱ्यांच्या पाया पडला आणि निघून गेला. टाळ पुन्हा उचलले गेले. जेवताना यावरही वाद झालाच.

त्या दिवशीच टाचेला फोड आला होता. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि असं ऊन पडलं की डांबरातून वाफा निघायला लागल्या. दोन्ही टाचा, उजव्या पायाचा चवडा, सगळीकडे पाणी धरलेले फोड. चपला काढून पिशवीत टाकल्या तर खडी टोचायची, घातल्या तर पट्टा घासायचा. दोन्ही बाजूंना ऊस. पण तसा ऊस मी आधी पाहिला नव्हता. उभाच्या उभा करडा, शेंडे कुजून खाली लोंबलेले, आणि माझ्या डोक्याच्याही वर पानांवर वाळलेल्या गाळाची रेघ. मैलभर चालावं, रेघ तीच. इतक्या उंच पाण्याखालून आपण चालतोय असं वाटून छाती भरून आली.

चोपदार मागे येऊन म्हणाले, "वहिनी, ट्रॅक्टरमध्ये बसा." मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी इतक्या तिरसटपणे उत्तर दिलं की ते गप्प पुढे गेले. दिंडी वळणाआड गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. मी एकटीच फरफटत राहिले. नामही सुटलं होतं. मोजत होते फक्त विजेचे खांब.

अंकली म्हटलं की वारकऱ्याला शितोळे सरकारांचे घोडे आठवतात. आषाढीत माउलींच्या पालखीपुढे धावतात ते अश्व इथूनच आळंदीला जातात. त्या गावाच्या अलीकडे रस्त्यालगत एक पत्र्याचं शेड होतं. दारात एक म्हातारी गोवऱ्या पालथ्या घालत होती. तिनं माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "यव्वा, कूड्री." मी पुढे जायचं म्हणते तोवर तिनं दंड धरून बाजल्यावर बसवलंसुद्धा.

चुलीवर पाणी ठेवलं, त्यात मीठ टाकलं. माझे पाय घमेल्यात घातले आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. मी पाय मागे ओढले. ती माझ्या आईपेक्षा थोरली होती. तिनं परत ओढून घेतले. सुई चुलीच्या जाळावर धरली, दोरा हळद-तेलात बुडवला. फोड फोडले नाहीत. सुई आरपार काढायची आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे गळत राहतं आणि वरची कातडी शाबूत राहते. सगळं कानडीत बोलत, मध्येच माझ्यासाठी मराठीत येत. मला कानडी कळतं, बोलताना अडखळते. एकेक फोड ती असा बघत होती की तेवढंच काम त्या दिवशी तिला होतं.

मग पट्टी हवी होती. शेडच्या कोपऱ्यात मदतीत आलेल्या साड्यांचा ढीग होता. घट्ट घड्यांच्या, बहुतेक नायलॉनच्या. ती एकेक चाचपून बाजूला टाकत गेली. तळाशी एक सुती मिळाली, चांगली, काठापदराची. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं दातानं कड धरून टर्रकन फाडली.

पाय बांधून झाल्यावर तिनं मला घर दाखवलं. म्हणजे जोतं. त्यावर पाट्यावरवंटा आणि दोन उंबरे. कृष्णेचं पाणी आमच्यासारखं धावत आलं नव्हतं. पायरी पायरीनं आलं. पोरं पाण्याच्या कडेला खूण म्हणून दगड ठेवत होती, तासाभरात दगड दिसेनासा व्हायचा, मग दुसरा ठेवायचा. गावाला निघायला वेळ मिळाला. म्हशींसकट सगळी गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, गेली. पाणी कितीतरी दिवस बसून राहिलं. ते होतं तोवर भिंती उभ्या होत्या. ओसरलं, ऊन पडलं आणि भिजलेल्या मातीच्या भिंती एकेक करून खाली बसल्या. "उन्हानं पाडलं घर," ती म्हणाली.

मी शेताचं विचारलं. ऊस गेला, म्हणाली. शेत आहे. वर वीतभर गाळ आलाय, वास मारतो, पण आहे.

आहे, हा शब्द मला लागला. बाजल्यावर बसून, तिनं बांधलेल्या पायांनी, मला तिचा हेवा वाटला. तिची माती जाग्यावर होती. मग मी न ठरवता सगळं सांगितलं, अडखळत्या कानडीत, शब्द अडला की मराठीत. गोटे, वाळू, शेणखत, कागदावर नसलेली जागा. ती ऐकत राहिली. हळहळली नाही, देवाची इच्छा म्हणाली नाही. शेवटी एकच विचारलं, "वाळू किती खोल आहे? खाली हात घालून बघितलास?" बघितलं नव्हतं. आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. "बघ," ती म्हणाली. "वाळूखाली कधी कधी असते." आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेली.

मुक्कामावर पोचले तेव्हा हरिपाठ चालू होता. चोपदारांनी काही न बोलता माझं ताट झाकून ठेवलेलं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मांजरीच्या पुलावर मी थांबले आणि खाली बघितलं. कृष्णा शांत, रुंद, मातकट. माझ्याकडे टाकायला नाणं नव्हतं, कुंकू नव्हतं. इतरांबरोबर हात जोडले. राग तसाच होता, पण हात जोडले.

मिरजेनंतर मुलूख बदलला. जिथं उन्हाळाभर टँकर फिरले त्या गावांत आता डाळिंबाच्या बागा अवकाळी पावसानं सडल्या होत्या. सांगोल्याला एका घरी पिठलं-भाकरी मिळाली. दोऱ्यांतून फोड सुकत गेले.

पंढरपुरात ६५ एकरात, दिंड्यांच्या तळावर, मुक्काम पडला. ८ नोव्हेंबरला एकादशी. चंद्रभागेच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून होते. ऑगस्टात हेच पाणी पुंडलिकाच्या देवळात शिरलं होतं. बायका मला बोलवत होत्या, "अहो माउली, उतरा की!" पाणी बघून मला नाकात गोठ्यातला वास येत होता. शेवटी पायाची पट्टी सोडली, ती धुवायची म्हणून गुडघाभर पाण्यात गेले, आणि मग तिथंच खाली बसले, डोक्यावरून पाणी जाईपर्यंत.

दर्शनाची रांग रात्रभर सरकत होती. मागची बाई सतत ढकलत होती, पुढचा माणूस दर थोड्या वेळानं तंबाखू मळत होता, आणि मला दोघांचाही संताप येत होता. देवासमोर उभं राहायला जेमतेम डोकं टेकवण्याइतका वेळ मिळाला. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बडवून काढल्यासारखे पाय दुखत होते.

बाहेर आल्यावर घरी फोन लावला. ह्यांनी आधी विचारलं, दर्शन झालं का. मग म्हणाले, जेसीबीवाला तासाला मागतोय ते परवडायचं नाही, गावातली माणसं पैऱ्यानं, कामाच्या बदल्यात काम म्हणून, यायला तयार आहेत, हातानंच गोटे काढू. मी म्हटलं, आधी मधोमध खड्डा घेऊन बघा, वाळू किती खोल आहे ते. आणि थोरले गोटे लांब टाकू नका, नदीच्या अंगाला लावा, बांध तिथंच घालायचाय. परवा येतेय मी.