डब्ल्यूए०००७

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी आठवीला समास शिकवत होते. आमचे क्लार्क दारात येऊन म्हणाले, "टीचर, त्या एनएमएमएसच्या फॉर्मांचो काल निमाणो दीस आसलो." निमाणो दीस म्हणजे शेवटचा दिवस. हातातला खडू हातातच राहिला.

एनएमएमएस ही आठवीतल्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. माझ्या वर्गातल्या दोघी बसणार होत्या. त्यांतल्या एकीचे वडील काजूच्या बागायतीत रोजंदारीवर जातात. त्या घरात ४८,००० म्हणजे काय, हे आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

बरं, परिपत्रक मला मिळालंच नाही असंही नव्हतं. पाच वेळा आलं होतं! शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, तालुक्याचा, मराठीच्या शिक्षकांचा, आणखी कुठले कुठले. पाचही वेळा 'मागीर पळोवया', नंतर बघू, म्हणत मी पुढे गेले. वर चवथीच्या शुभेच्छा, खाली कुणाच्या तरी निवृत्तीचे हार, आणि मध्ये ही फाइल. नाव काय, तर डीओसी, मग तारखेचे आकडे आणि शेवटी डब्ल्यूए०००७. आत शिष्यवृत्ती आहे की पोषण आहाराचा तक्ता, कसं कळावं?

मुदत आठ दिवसांनी वाढली म्हणून निभावलं. पण त्या रात्री जेवणं उरकल्यावर मी दिवसभराचे मेसेज मोजायला बसले. १५३ भरले. माझ्या कामाचे चार, आणि त्यातलाही एक दोनदा आलेला.

ग्रुप सोडायची सोय नाही. सोडला की लगेच फोन, "टीचर रागावल्या काय?" म्हणून सगळे आर्काइव्हमध्ये टाकले. आता ते आपणहून वर उसळत नाहीत. मी दोनदाच बघते, प्रार्थनेआधी आणि मधल्या सुट्टीत. तसंही आमच्याकडे रेंज फक्त प्रयोगशाळेच्या खिडकीत येते, त्यामुळे हा नियम पाळायला फार मनोनिग्रह लागला नाही.

कामाचा कागद आला की तिथेच, खिडकीत उभ्या उभ्या, नाव बदलते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. मी आधी दिवस पुढे लिहीत होते. मग बाराही महिन्यांच्या १ तारखा एका ठिकाणी जमायच्या. संगणकवाल्या सरांनी हसत हसत चूक दाखवली.

वाकडा काढलेला फोटो असेल तर ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडते. मराठी मजकूर बऱ्यापैकी उमटतो, जोडाक्षरं तेवढी लंगडतात. पण एखादा शब्द शोधला की कागद सापडतो. फुकटची जागा १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटोही. स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओंनी माझी एकदा भरली, तर मेल यायचेच बंद झाले होते.

आणि शेवटची तारीख? ती मोबाइलमध्ये ठेवतच नाही. स्टाफरूममधल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिते, म्हणजे मी विसरले तरी आणखी सात जण वाचतात. परवा बघते तर माझ्या लाल अक्षरांखाली प्यूनने निळ्या पेनाने लिहून ठेवलं होतं: सिलिंडर आयलो.