आयसीयूबाहेरचं सोपं इंग्रजी

रुग्णालयात नातेवाइकांना अवघड शब्द अडत नाहीत. समाजसेवा विभागात काम करताना हे मी रोज बघते. क्रिएटिनिन, प्लेटलेट, सॅच्युरेशन हे शब्द चौथी शिकलेली बाईसुद्धा दोन दिवसांत तोंडपाठ करते. शब्द नवा असला की माणूस सिस्टरला विचारतो, शेजारच्या पेशंटच्या मुलाला विचारतो. घात करतात ते साधे शब्द. टच, गो, टॉवेल. ते येतात असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून कुणी विचारत नाही.

ही केस पावसाळ्यातली. पेशंट दादरच्या फुलबाजारात हमाली करणारा, चाळिशीच्या आतला, मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. हिंदमाताला पाणी तुंबलं त्या रात्री तो त्यातूनच चालत खोलीवर गेला. टाचांना भेगा होत्या. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू अशाच भेगांतून शरीरात शिरतात. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईनं हा आजार चांगलाच पाहिला आहे. साचलेल्या पाण्यातून गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या, असं महापालिका कळकळीनं सांगत असते. यानं तापाची गोळी घेतली आणि दुखणं अंगावर काढलं. आमच्याकडे आणला तेव्हा डोळे लालपिवळे, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता, लघवी जवळजवळ बंद. रात्रीत व्हेंटिलेटर लागला.

मुंबईत त्याच्याजवळ होता फक्त पुतण्या, नुकताच बारावी झालेला. रात्री डॉक्टर त्याच्याशी बोलले. डॉक्टर मनापासून काम करणारे, हाताला यश असलेले, पण बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढलेली. थकले की मराठी मागे पडतं आणि तिकडचं बोलणं पुढे येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूच्या दारात गर्दी झाली. गावाहून गाडी भरून माणसं आली होती. रात्री निघून, भर पावसात मुंबई-गोवा महामार्गावरून. पुढे पेशंटची आई. तिच्या हातात स्टीलचा छोटा डबा, झाकणाला दोरा गुंडाळलेला. सिस्टरनं विचारलं तेव्हा तिनं तो उघडून दाखवला. आत तुळशीची पानं आणि बाटलीच्या टोपणाएवढ्या वाटीत गंगाजल.

"आजी, हे कशाला आणलंत?"

"डॉक्टरानं सांगितलंन ना, हात लावा नि जा म्हणून. पोराला कधी ताब्यात देताव?"

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण सकाळच्या राउंडला मी होते आणि तसं कुणीच म्हणालं नव्हतं. मी पुतण्याला बाजूला घेतलं. म्हटलं, डॉक्टर जे बोलले ते मराठीत नको, जसंच्या तसं सांग. त्यानं मोबाईल काढला. पोरगं शहाणं, प्रत्येक वाक्य देवनागरीत लिहून ठेवलेलं. 'इट्स टच अँड गो.' खाली, 'आय हॅवन्ट थ्रोन इन द टॉवेल.' त्याखाली, 'डेंग्यू वॉज अ रेड हेरिंग.'

टच अँड गो म्हणजे सगळ्यांनी येऊन पायांना हात लावून जावं, शेवटचं भेटून घ्यावं, असं त्यानं गावी कळवलं होतं. त्याला हसायची कुणाची हिंमत होऊ नये. आयसीयूच्या बाहेर रात्री एकट्या अठरा वर्षांच्या मुलाला दुसरा कुठला अर्थ सुचणार? खांद्यावरच्या पिशवीत दोन कोरे टॉवेलही होते, लेबलसकट. डायपर आणा, वाइप्स आणा, असं आम्ही नातेवाइकांना दिवसभर सांगतच असतो. त्यात टॉवेल आला, तो त्यानं आणला. मुष्टियुद्धात आपला खेळाडू फारच मार खायला लागला की त्याच्या बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल टाकतो आणि हार मानतो. डॉक्टर सांगत होते, मी हार मानलेली नाही. त्या रात्रीचं सगळ्यात धीर देणारं वाक्य तेच होतं आणि ते खरेदीच्या यादीत गेलं. रेड हेरिंग हा आजार समजून त्याची गोळीही त्यानं औषधाच्या दुकानात मागितली होती. ती धुरी देऊन लाल केलेली मासळी. तिच्या वासानं शिकारी कुत्र्यांचा माग चुकवल्याची गोष्ट विल्यम कॉबेटनं १८०७ साली लिहिली, तेव्हापासून वाट चुकवणाऱ्या खुणेला ते नाव पडलं. म्हणजे डेंग्यूचा संशय खोटा निघाला, एवढंच.

मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. टच अँड गो हा खलाशांचा शब्द आहे. इंग्रज ॲडमिरल स्माइथच्या १८६७ च्या खलाशी कोशात तो सापडतो. गलबताचा तळ जमिनीला घासतो, पण वेग फारसा न मोडता ते पुढे निघतं. जेमतेम वाचण्याची ती अवस्था. एवढं सांगितल्यावर मागे उभे असलेले एक काका पुढे आले. खाडीवर आयुष्य गेलेला माणूस. आईला म्हणाले, "वैनी, होडी गाळाला टेकलीय. रुतलेली नाय अजून."

आईनं डब्याचं झाकण लावलं. रडली नाही. "मग काय करायचा आता?" हाच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी देणं बरोबर नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

ते खाली बसले, आईच्या समोर. किडनी कायमची गेली का, असं काकांनी विचारलं. डॉक्टरांनी सुरुवात केली, "वुई विल क्रॉस दॅट ब्रिज..." म्हणजे ते वेळ आली की बघू. मी मध्येच बोलले. डॉक्टर, आईंना हो की नाही ते हवंय. ते क्षणभर थांबले आणि मग अगदी साध्या मराठीत बोलले. लेप्टोत किडनी बहुतेक वेळा सावरते. तोवर डायलिसिस करावं लागेल. आज मला काळजी फुप्फुसांची आहे, त्यात रक्तस्राव होऊ शकतो. पुढचे दोन दिवस काढले तर आशा बरीच वाढेल. जाऊही शकतो, हे तुमच्यापासून लपवत नाही.

इतकं कडू बोलणं ऐकून माणसं शांत झाली, हे मी अनेकदा पाहिलं आहे. अर्धवट कळलेल्या गोड वाक्यानं ती शांत होत नाहीत. लगेच कामं वाटली गेली. रक्त द्यायला दोघं उठले, उपचारखर्चाच्या सरकारी योजनेच्या कागदांसाठी रेशन कार्ड गावाहून व्हॉट्सॲपवर मागवलं, बायामाणसांची सोय परळला गाववाल्यांच्या खोलीवर झाली.

फुप्फुसं टिकली. काही दिवसांनी व्हेंटिलेटर निघाला, लघवी वाढायला लागली. त्या संध्याकाळी डॉक्टर जाता जाता पुतण्याला म्हणाले, "ही विल पुल थ्रू." पोरानं मोबाईल काढून ते लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "थांबा मॅडम, मी विचारून येतो," आणि लिफ्टकडे निघालेल्या डॉक्टरांच्या मागे धावला.