मालवणच्या हिरव्या पाण्यासाठी कॉम्पॅक्ट कॅमेरा: इथवरची नोंद

पाण्याखाली फोटो काढण्यासाठीचा सेटअप ठरला. ओएम सिस्टमचा टीजी-७, त्याचं पीटी-०५९ हाउसिंग (कॅमेऱ्यावर चढवायचं जलरोधक कवच), एका हाताचा ट्रे (हाउसिंगखाली बसणारी मुठीची पट्टी), एक लवचीक आर्म आणि त्यावर एक लहान व्हिडिओ लाइट. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, अजून घेतलेला नाही, त्याबद्दल शेवटी लिहिते. गेल्या काही महिन्यांत अनेकांनी विचारलं, की याच बजेटमध्ये आणखी थोडी भर घालून एक इंची सेन्सरचा कॅमेरा का नाही घेतलास? प्रश्न रास्त आहे, म्हणून आज सविस्तर.

माझं डायव्हिंग बहुतांशी मालवण-तारकर्लीला होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, पाच ते बारा मीटर खोली. कोकण किनाऱ्याचं पाणी अंदमानसारखं निळंशार नसतं. त्यात गाळ असतो, प्लवक असतात, आणि त्यामुळे पाण्याचा रंग हिरवा दिसतो. व्हिज, म्हणजे पाण्यात किती लांबवर दिसतं ते, चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर, वाईट दिवशी पसरलेल्या हाताची बोटं नीट दिसत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीची ओढ जास्त, तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) असतो तेव्हा पाणी जरा निवळतं. आमचे गाइड दादा कॅलेंडर बघूनच सांगतात, "ताई, फाल्या पाणी साफ गावतलां", म्हणजे उद्या पाणी साफ मिळेल. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मी आता सुट्टी टाकतानासुद्धा आधी तिथी बघते.

अशा पाण्यात फोटोचा दर्जा एकाच गोष्टीवर ठरतो: लेन्स आणि विषय यांच्यामध्ये पाणी किती. प्रत्येक वीत अंतर वाढलं की मधल्या कणांचा थर वाढतो, कॉन्ट्रास्ट मरतो, रंग उडतात. लाल रंग तर पहिल्या पाच-सात मीटरमध्येच जवळजवळ गिळला जातो, आणि हे अंतर मोजताना पृष्ठभागापासूनची खोली आणि विषयापासून लेन्सपर्यंतचं अंतर, दोन्हींची बेरीज धरायची. दोन मीटरवरच्या माशाचा फोटो मालवणात कुठल्याही सेन्सरने काढा, तो धुक्यातलाच येणार. तोच मासा पंधरा सेंटिमीटरवर आला तर लहान सेन्सरही छान काम करतो. म्हणून माझी पहिली अट ही ठरली, की कॅमेरा अगदी जवळून फोकस करणारा हवा. बाकी सगळं त्यानंतर.

आता एक इंची कॅमेऱ्यांकडे येते. सोनी आरएक्स१००-७ आणि कॅननचा जी७एक्स मार्क-२ हे दोन्ही मी मित्रांकडून घेऊन कोरड्यात नीट वापरून पाहिले. त्यांचा सेन्सर टीजीच्या १/२.३ इंची सेन्सरपेक्षा क्षेत्रफळात चौपट मोठा आहे, आणि ते फाइल उघडल्याबरोबर जाणवतं. सावल्यांमध्ये जीव असतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० वरही फोटो टिकतो. मॅन्युअल मोड पूर्ण हाती असतो. पण आरएक्स१००-७ पूर्ण टेलीला, म्हणजे झूमच्या शेवटच्या टोकाला, नेला की त्याला विषयापासून जवळपास एक मीटर लांब राहावं लागतं. म्हणजे मॅक्रोसाठी (लहान विषय जवळून मोठा टिपण्यासाठी) हाउसिंगच्या पोर्टवर (लेन्ससमोरच्या काचेवर) वेगळी वेट लेन्स, म्हणजे पाण्यातच लावता-काढता येणारी लेन्स, लावणं आलं. वेट लेन्स ही उत्तम गोष्ट आहे, तिने मिळणारं मोठेपण टीजीच्या तोडीचं किंवा त्याहून सरस असतं. मात्र तिचा फोकस ठरावीक पट्ट्यातच लागतो, आणि मासा दिसला की ती काढायची, शंखगोगलगाय दिसली की लावायची, हे सगळं लाटेच्या हिसक्यात एका हाताने करायचं. शिवाय या कॅमेऱ्यांचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग कॅमेऱ्याइतकं किंवा त्याहून महाग पडतं. वर लेन्स, वर स्ट्रोब. बेरीज कुठल्या कुठे जाते.

तुम्ही वर्षातून दोनदा अंदमान किंवा लक्षद्वीपला जाणार असाल तर माझं मत अगदी उलट आहे. तिथे एक इंची कॅमेरा आणि वाइड (रुंद कोनाची) वेट लेन्सच घ्या. सपाट काचेच्या पोर्टमागे लेन्सचा कोन आकसतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. २४ मिमीची लेन्स पाण्यात साधारण ३२ मिमीसारखी वागते. समुद्रपंखा आणि त्यामागचा डायव्हर एका चौकटीत हवा असेल तर तो गमावलेला कोन परत मिळवावाच लागतो, आणि स्वच्छ पाण्यात त्या खर्चाचं चीज होतं. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला पाणी बऱ्याचदा मालवणपेक्षा उजवं असतं, तिथे जाणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

अॅक्शन कॅमेरा माझ्याकडे आधीपासून आहे आणि व्हिडिओसाठी तो राहीलच. त्याचा फोकस स्थिर असतो, वीतभर अंतराच्या आत चित्र मऊ पडतं, त्यामुळे माझ्या कामाचा नाही. फोनसाठीची हाउसिंग आता ४० मीटरपर्यंत चालणारी मिळतात, नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती वाईट नाहीत. सीलाइफचा मायक्रो ३.० कायमचा सीलबंद येतो, आत ६४ जीबी मेमरी, उघडायला झाकणच नाही, त्यामुळे पाणी शिरायची चिंताच नाही. कल्पना मला फार आवडली, पण त्यालाही जवळचा फोकस नाही.

टीजी-७ चा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, तोही झूमसकट आणि कुठलीही जादा लेन्स न लावता. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) मिळते. आणि तोच कॅमेरा त्याच मिनिटाला झूम मागे घेऊन समोरून जाणाऱ्या तांबोशाचाही फोटो काढतो. त्याच्या मर्यादाही सांगते, कारण खरेदीआधी त्या माहीत हव्यात. मेगापिक्सेल १२ च. पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटरवर थेट ताबा नाही. अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) मोडमध्ये वाइडला एफ/२, एफ/२.८ आणि एफ/८ दिसतात, पण एफ/८ म्हणजे आत सरकणारा एनडी, म्हणजे उजेड अडवणारा, फिल्टर आहे. त्याने उजेड कमी होतो, डेप्थ ऑफ फील्ड (धारदार दिसणारा पट्टा) वाढत नाही. मॅक्रोत एफ/८ च्या भरवशावर राहू नका.

ज्यांना जुना टीजी-६ बऱ्या अवस्थेत मिळत असेल त्यांनी तो निःशंक घ्यावा. पीटी-०५९ दोघांनाही बसतं आणि चित्रात फार फरक नाही. टीजी-५ चं हाउसिंग मात्र वेगळं, पीटी-०५८. सेकंडहँड घेताना या क्रमांकाची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

टीजी स्वतःच १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे, मग ४५ मीटरचं हाउसिंग कशाला? एक म्हणजे आपण बारा-चौदा मीटरवर जातो तेव्हा त्या मर्यादेच्या अगदी काठावर असतो, आणि बॅटरीच्या दारावरची पातळ सील वर्षानुवर्षांच्या मिठात आणि वाळूत किती साथ देईल यावर मला पैज लावायची नाही. दुसरं, हाउसिंगमध्ये चुकून पाणी शिरलंच तरी आतला कॅमेरा वॉटरप्रूफ असल्याने तो वाचायची शक्यता खूप जास्त. ही सोय दुसऱ्या कुठल्या कॉम्पॅक्टमध्ये सहज मिळत नाही. तिसरं, ट्रे, आर्म आणि पुढे स्ट्रोबची फायबर केबल हे सगळं हाउसिंगमुळे नीट बसतं.

ओ-रिंगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळा खेळ त्या एका रबरी कड्यावर आहे. मी ती आदल्या रात्री, पंखा बंद करून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तपासते. समोरून उजेड टाकला की काही दिसत नाही. तिरका टाकला की केस, टॉवेलचा धागा, वाळूचा कण यांची सावली पडते आणि लगेच नजरेत भरते. रिंग काढायला टोकदार काही वापरायचं नाही, दोन बोटांनी दाबून फुगवटा आणायचा आणि तो उचलायचा. खोबणी कापसाने पुसायची नाही, तंतू राहतात. ग्रीस कंपनीने दिलेलंच, तेही मुगाच्या दाण्याएवढं. रिंग बोटांमधून ओढून नुसती चमकली पाहिजे. ग्रीसने पाणी थांबत नाही, पाणी रिंग दाबली गेल्याने थांबतं. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण.

नवं हाउसिंग पहिल्या डायव्हला रिकामं न्यायचं, आत फक्त टिश्यू पेपर. खोलवर पाण्याचा दाबच रिंगला घट्ट बसवतो, त्यामुळे गळती पुष्कळदा उथळ पाण्यात, उडी मारतानाच होते. उतरल्यावर पहिलं मिनिट हाउसिंग उलटसुलट करून बुडबुड्यांची माळ दिसते का ते बघायचं. माझा टिश्यू कोरडा आला.

कोकणात दुसरी अडचण धुकं धरण्याची. होडीवर दमट हवेत हाउसिंग बंद केलं तर ती दमट हवा आत अडकते आणि गार पाण्यात पोर्टच्या आतून वाफ धरते. मी एसी खोलीतच बंद करते, आत सिलिका जेलची चपटी पुडी सरकवते आणि डायव्ह संपेपर्यंत उघडत नाही. होडीवर ओला टॉवेल झाकायचा, उन्हात ठेवायचं नाही. परतल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, अधूनमधून सगळी बटणं दाबत. मीठ बटणांच्या खाली सुकलं की ती अडकायला लागतात.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. किल्ल्याच्या बाजूच्या एका खडकावर शेवाळात न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) होता, करंगळीच्या नखाएवढा. मायक्रोस्कोप मोडमध्ये ऑटोफोकस त्याच्याकडे सोडून मधल्या कणांवर धावत होता. मार्ग असा निघाला: जवळच्या दगडाच्या खरखरीत भागावर तेवढ्याच अंतरावरून शटर अर्धं दाबून फोकस लॉक करायचा आणि मग सगळं शरीर हळूच पुढे नेऊन त्याची डोक्यावरची दोन शिंगं धारदार दिसली की क्लिक करायचं. लाट मागे-पुढे झुलवते, त्या झोक्याच्या टोकाला क्षणभर सगळं स्थिर होतं, तो क्षण पकडायचा. श्वास रोखायचा नाही, स्कूबात तो कधीच रोखायचा नाही. कॅमेऱ्यातलं फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं) टेबलावर सुंदर चालतं, लाटेत त्याचा उपयोग नाही. दिवा लेन्सच्या शेजारी न ठेवता बाजूला, विषयाच्या जवळपास नव्वद अंशांत आणला तेव्हा मधल्या कणांवरचा उजेड गेला आणि मागचं पाणी काळं झालं. शिंगांवरच्या वलयांच्या कडा पहिल्यांदा स्पष्ट दिसल्या. या फोटोसाठीच हा सगळा खटाटोप होता.

सेटिंगबाबत: डायलवर सी१ आणि सी२ या आपली सेटिंग साठवायच्या जागा आहेत, त्यांचा पुरेपूर उपयोग करा. सी१ वर मायक्रोस्कोप, आयएसओ १०० ते ४००, दिव्याला साजेसा पक्का व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल). सी२ वर नैसर्गिक उजेडातलं वाइड, व्हाइट बॅलन्स त्या-त्या खोलीवर पांढऱ्या पाटीवर मोजून. लाल फिल्टर घेऊ नका. ते निळ्या पाण्यासाठी असतात, आपल्या हिरव्या पाण्याला मजेंटा फिल्टर लागतो. आणि कृत्रिम उजेड लावलात की कुठलाच फिल्टर नको.

डायव्हिंग न करणाऱ्यांनीही हा कॅमेरा घ्यावा असं मला वाटतं. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी २०१७ पासून ओहोटीला हाजी अली, गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यांवर फिरून जीवांच्या नोंदी करतात. गुडघाभर डबक्यात हाउसिंगशिवाय टीजी बुडवायचा आणि खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी टिपायच्या. जवळून फोकस करण्याचा माझा बराचसा हात तिथेच बसला.

एक गोष्ट आग्रहाने. बॉयन्सी (पाण्यात न बुडता-न वर येता स्थिर तरंगणं) पक्की झाल्याशिवाय कॅमेरा पाण्यात नेऊ नका. मॅक्रोसाठी माणूस खडकाला चिकटतो, आणि गुडघा किंवा फिन लागून प्रवाळ तुटतो. तो परत वाढायला वर्षं जातात, शिवाय खडकाळ प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. जीव उचलून चांगल्या पार्श्वभूमीवर ठेवणं तर अजिबात नको. फोटो मिळाला नाही तरी चालेल.

राहिला स्ट्रोब. व्हिडिओ लाइट जवळच्या, स्थिर विषयाला पुरतो, पण हलणाऱ्या कोळंबीच्या मिशा त्यात पुसट येतात. स्ट्रोबचा क्षणभराचा झोत त्या गोठवतो. सध्या दोन नावं आहेत: इनॉनचा एस-२२० आणि बॅकस्कॅटरचा मिनी फ्लॅश. इनॉनला एए सेल लागतात, जे कुडाळच्या कुठल्याही दुकानात मिळतील. मिनी फ्लॅश एका १८६५० या रिचार्जेबल सेलवर चालतो आणि त्याला स्नूट बसतो, म्हणजे नेमक्या विषयावर उजेडाचा छोटा गोल पाडता येतो. गढूळ पाण्यात स्नूटचा फायदा उघड आहे, कारण आजूबाजूचे कण अंधारातच राहतात. पण झोक्यात तो गोल विषयावर धरून ठेवणं कितपत जमतं हे वापरणाऱ्याच्या तोंडूनच ऐकायचं आहे. कोकणात किंवा गोव्याला ग्रँड आयलंडकडे कोणी स्नूट वापरला असेल तर आर्मची लांबी आणि लावण्याचा कोन जरूर कळवा. पावसाळ्यानंतर डायव्हिंग सुरू व्हायच्या आत ऑर्डर करायची आहे.